जिवंत पेशीतील गुणसूत्रांचे स्थान : बंगळूरमधील संशोधनाच्या संदर्भात

‘गुणसूत्रे पेशीच्या केंद्रकात असतात’ हे विधान आपल्याकडील शालेय पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांनी वाचले आहे. विधान खोटे नाही. परंतु ज्या निःशंकपणे ते उच्चारले जाते तो निःशंकपणा शास्त्राला सहजासहजी लाभलेला नाही. आणि ते विधान जेथे थांबते तेथूनच गेल्या चार-पाच दशकांतील संशोधनाचा खरा प्रारंभ होतो. केंद्रकात म्हणजे नेमके कोठे? सर्व गुणसूत्रे एकमेकांत गुंतून पडलेली असतात, की प्रत्येकाची जागा निराळी असते? ती जागा ठरलेली असेल तर तिच्यामुळे गुणसूत्राच्या कार्यात काही फरक पडतो काय? या प्रश्नांची मांडणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. बंगळूर शहरातील प्रयोगशाळांत १९४० नंतरच्या दशकापासून हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत हाताळला गेला आहे. म्हणून विवेचनासाठी ते शहर मध्यवर्ती धरले आहे.

१

भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकांपुढे हा विषय ठेवताना आरंभी परिभाषेचा विचार करणे इष्ट ठरेल. ‘क्रोमोसोम’ हा शब्द जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइनरिख वाल्डेयर यांनी १८८८ साली ‘रंग’ आणि ‘काया’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून घडविला. विशिष्ट रंजकद्रव्ये वापरली असता पेशीतील जे तंतुमय घटक गडद रंग घेतात ते ‘क्रोमोसोम’, एवढाच त्याचा मूळ आशय होता. कन्नडमधील ‘वर्णतंतु’ हा शब्द या मूळ आशयाशी प्रामाणिक राहिला आहे. मराठीतही ‘रंगसूत्र’ हा पर्याय उपलब्ध होता आणि मराठी विश्वकोशाने तो नोंदविलेला आहे. तथापि मराठीत आणि हिंदीत रूढ झाला तो ‘गुणसूत्र’ हा शब्द. त्यात रंगाचा उल्लेख नाही; आनुवंशिक गुणांच्या संक्रमणाचा आहे. एका शब्दाने वस्तू कशी दिसली हे सांगितले, दुसऱ्याने ती काय करते हे सांगितले. ती कोठे असते हे मात्र दोहोंपैकी एकही शब्द सांगत नाही.

स्थानाचा निर्देश करणारा शब्द आपण दुसरीकडे वापरतो, आणि तो काहीसा दिशाभूल करणारा आहे. ‘न्यूक्लिअस’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ कवचाच्या आतील गर असा आहे. त्याला ‘केंद्रक’ हा प्रतिशब्द दिल्यामुळे तो भाग पेशीच्या केंद्रस्थानीच असतो असा समज होतो. वस्तुतः वाढ पूर्ण झालेल्या वनस्पतिपेशीत मध्यभाग एका मोठ्या रिक्तिकेने व्यापलेला असतो आणि केंद्रक भित्तीलगत सारले गेलेले असते. मेद साठविणाऱ्या पेशीतही तोच प्रकार आढळतो. मराठी विश्वकोशाने स्वीकारलेला ‘प्रकल’ हा शब्द या दृष्टीने अधिक निर्दोष म्हणता येईल. परंतु तो विश्वकोशाबाहेर फारसा रुजला नाही. या लेखात ‘केंद्रक’ हाच शब्द वापरला आहे, मात्र त्यातील ‘केंद्र’ वाचकांनी शब्दशः घेऊ नये.

२

रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३१ साली आमरी कुलातील वनस्पतींच्या पेशींत आढळणाऱ्या वाटोळ्या घटकाला ‘न्यूक्लिअस’ हे नाव दिले. त्याच्या आत काय आहे हे कळण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या मोठ्या पेशींचे अभिरंजन करून विभाजनाच्या सर्व अवस्था क्रमाने लावल्या आणि १८८२ साली त्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. विभाजनाच्या वेळी केंद्रकात जाड, आखूड तंतू प्रकट होतात, उभे चिरतात आणि त्यांचे समान वाटे दोन कन्यापेशींत जातात, हे त्यांनी दाखविले.

येथेच आपल्या प्रश्नाचे बीज आहे. विभाजन संपले की हे तंतू दिसेनासे होतात. केंद्रकात राहते ते एक पुसट, जाळीदार द्रव्य. मग पुढील विभाजनापर्यंत गुणसूत्रे कोठे जातात? ती विरघळतात आणि पुन्हा नव्याने घडतात, की अदृश्य रूपात तेथेच टिकून राहतात? कार्ल राब्ल यांनी १८८५ साली दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने मत दिले. विभाजनात गुणसूत्रे ज्या ठिकाणी ओढली जातात ते त्यांचे बिंदू केंद्रकाच्या एका बाजूस आणि टोके दुसऱ्या बाजूस, अशी मांडणी विभाजनानंतरही कायम राहते, असे त्यांचे म्हणणे होते. थिओडोर बोव्हेरी यांनी घोड्याच्या आतड्यातील जंतावर काम करून १९०९ साली असे प्रतिपादन केले की प्रत्येक गुणसूत्र केंद्रकात स्वतःचा एक प्रदेश व्यापून असते. ‘प्रदेश’ ही संज्ञा त्यांचीच. तत्पूर्वी, १९०२ आणि १९०३ या वर्षांत, मेंडेलचे आनुवंशिक घटक गुणसूत्रांवर वाहिले जातात हा सिद्धांत बोव्हेरी आणि अमेरिकेतील वॉल्टर सटन यांनी स्वतंत्रपणे मांडला होता.

या सिद्धांतामुळे ‘स्थान’ या शब्दाला एक दुसराच अर्थ प्राप्त झाला. गुणसूत्र हे जर सूत्र असेल, तर त्यावर कोणता जनुक कोणाच्या पुढे आणि कोणाच्या मागे, किती अंतरावर, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. या मोजणीत एका भारतीयाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना १९४४ साली एक सूत्र प्रसिद्ध केले. संततीत दोन गुण किती वेळा एकमेकांपासून विलग होतात यावरून त्या जनुकांमधील नकाशावरचे अंतर काढण्याचे ते सूत्र आजही ‘कोसंबी फलन’ या नावाने जगभर वापरले जाते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली सिद्ध करणारे कोसंबी साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेतच. परंतु हे स्थान म्हणजे सूत्रावरील क्रम होय. पोथीतील पानांचा क्रम ठाऊक असला तरी पोथी कोणत्या फडताळात ठेवली आहे हे त्यावरून कळत नाही. गुणसूत्राचे पेशीतील स्थान हा तसा वेगळा प्रश्न आहे.

३

तो प्रश्न बंगळूरमध्ये पोहोचला तो मद्यनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या यीस्टच्या निमित्ताने. भारतीय विज्ञान संस्थेत १९४५ च्या सुमारास एम. के. सुब्रमण्यम आणि त्यांचे सहकारी बी. रंगनाथन यांनी यीस्टच्या पेशीतील गुणसूत्रांचा शोध आरंभिला. पुढे संस्थेच्या पेशी-आनुवंशिकी प्रयोगशाळेतून सुब्रमण्यम यांनी अनेक वर्षे या विषयावर लेखन केले.

आज यीस्टमधील गुणसूत्रे केंद्रकात असतात हे सांगण्यात काही विशेष वाटत नाही. त्या काळी मात्र यीस्टला केंद्रक आहे काय, आणि असल्यास पेशीतील कोणत्या भागाला केंद्रक म्हणावे, यावरच मतैक्य नव्हते. अडचण कशी होती हे आकड्यांवरून ध्यानात येईल. यीस्टची पेशी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी असते. तिचे केंद्रक सुमारे दोन मायक्रोमीटर व्यासाचे, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढे. साधा प्रकाशीय सूक्ष्मदर्शक सुमारे ०.२ मायक्रोमीटरहून कमी अंतरावरील दोन बिंदू वेगळे दाखवू शकत नाही. शिवाय यीस्टची गुणसूत्रे विभाजनाच्या वेळीही इतर प्राण्यांच्या गुणसूत्रांप्रमाणे जाड आणि ठळक होत नाहीत. याउलट पेशीत एक भाग अत्यंत सहज दिसतो, तो म्हणजे रिक्तिका. तिच्या आत काही कण असतात. ते अल्कधर्मी रंजके उत्साहाने शोषून घेतात.

या रिक्तिकेलाच केंद्रकाचा भाग मानणारा एक पक्ष विसाव्या शतकाच्या आरंभापासून होता. अमेरिकेतील कार्ल लिंडेग्रेन यांनी त्याला नवे बळ दिले. लिंडेग्रेन हे यीस्टच्या आनुवंशिकीचे एक आद्य प्रवर्तक. संकरप्रयोगांतून त्यांनी मिळविलेले निष्कर्ष मोलाचे होते. परंतु १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी रिक्तिका ही ‘केंद्रकीय रिक्तिका’ असून गुणसूत्रे तिच्या आत असतात, अशी भूमिका घेतली. सुब्रमण्यम यांची भूमिका नेमकी विरुद्ध होती. केंद्रक हे रिक्तिकेच्या बाहेर असलेले, स्वतंत्र आणि लहान असे अंग आहे. गुणसूत्रे त्यात शोधली पाहिजेत. आणि यीस्टचे विभाजनही उच्चतर सजीवांतील सूत्री विभाजनाच्याच जातीचे आहे, असे ते प्रतिपादीत राहिले.

या वादात पणाला काय लागले होते, हे समजून घेतले पाहिजे. गुणसूत्रे रिक्तिकेत असतील तर यीस्ट हा सजीवसृष्टीतील एक अपवाद ठरतो आणि त्यावरील आनुवंशिकीचे प्रयोग इतर सजीवांना लागू करता येतील काय याविषयी शंका उत्पन्न होते. ती केंद्रकात असतील तर यीस्टची पेशी आणि माणसाची पेशी एकाच आराखड्यावर बांधलेल्या आहेत असे म्हणता येते. पुढील काळात पेशीविभाजनाचे नियंत्रण करणारे जनुक यीस्टमध्ये सापडले आणि तेच माणसातही आढळले, ते या समानतेमुळेच.

निर्णय अखेर नव्या उपकरणांनी दिला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टचे केंद्रक दुहेरी आवरणाने वेढलेले आणि रिक्तिकेहून सर्वस्वी वेगळे दिसले. १९६६ साली रॉबिनाऊ आणि मॅरॅक यांनी त्या केंद्रकाच्या आत विभाजनाच्या तर्कूचे तंतू दाखविले. रिक्तिकेत फॉस्फेटाच्या साखळ्यांचा साठा असतो आणि तो अल्कधर्मी रंजके घेतो, हेही स्पष्ट झाले. रंगावरून ओळख पटविण्याची पद्धत येथे फसली होती. जे रंगते ते सारे ‘रंगसूत्र’ नव्हे, असा या प्रकरणाचा एका वाक्यातील निष्कर्ष सांगता येईल.

स्थानाच्या मुद्द्यावर सुब्रमण्यम यांची बाजू बरोबर ठरली. संख्येच्या बाबतीत मात्र सूक्ष्मदर्शकाने सर्वांनाच चकविले. दोन्ही पक्षांनी मोजलेल्या संख्या आज टिकत नाहीत. यीस्टच्या एका संचात १६ गुणसूत्रे असतात. विद्युत्क्षेत्राची दिशा वारंवार बदलून लांब रेणू वेगळे करण्याची पद्धत १९८४ मध्ये पुढे आल्यानंतर ती एकेक करून वेगळी पाहता आली आणि १९९६ साली त्यांवरील सुमारे एक कोटी वीस लक्ष अक्षरांचा संपूर्ण क्रम वाचला गेला.

४

माणसाच्या गुणसूत्रांच्या बाबतीत घडले ते याच्या उलट. तेथे संख्या मिळाली आणि स्थान हरवले. माणसात ४८ गुणसूत्रे असतात असे बराच काळ मानले जात होते. १९५६ साली जो हिन चिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ती ४६ असल्याचे सिद्ध केले. यासाठी जी युक्ती निर्णायक ठरली ती अशी, की पेशी सौम्य द्रावणात फुगवावयाच्या आणि काचेवर दाबून चपट्या करावयाच्या. त्यामुळे गुणसूत्रे पांगतात आणि मोजता येतात. पण पांगविली की ती मूळ जागेवरून उठतात. क्रमांक घालून ओळीत मांडलेल्या गुणसूत्रांचे जे चित्र आपण पुस्तकांत पाहतो, ते वस्तुसंग्रहालयातील मांडणीसारखे असते. त्या वस्तू घरात कोठे होत्या ते त्यावरून समजत नाही.

याच सुमारास बोव्हेरींची ‘प्रदेशा’ची कल्पना मागे पडली होती. विभाजनांच्या मधल्या काळात गुणसूत्रे उलगडतात आणि ताटातील शेवयांप्रमाणे एकमेकांत मिसळून जातात, असे बहुतेकांचे मत झाले. ही समजूत तपासून पाहण्याचा प्रयोग थोमास आणि क्रिस्टोफ क्रेमर या जर्मन बंधूंनी १९७० नंतरच्या दशकात आणि १९८० च्या आरंभी केला. त्यामागील तर्क अतिशय सुटसुटीत आहे. लेसरच्या सूक्ष्म किरणाने केंद्रकातील एकाच लहान ठिकाणी इजा करावयाची. गुणसूत्रे शेवयांसारखी पसरलेली असतील तर त्या एका ठिकाणाहून पुष्कळ गुणसूत्रांचे भाग जात असणार, आणि पुढील विभाजनात पुष्कळ गुणसूत्रांवर इजा दिसेल. प्रत्येकाचा प्रदेश वेगळा असेल तर मोजक्याच गुणसूत्रांवर ती आढळेल. आढळली ती मोजक्यांवर. लवकरच एकेका गुणसूत्राला अनुस्फुरक रंगाने रंगविण्याची पद्धत निघाली आणि बोव्हेरींचे प्रदेश डोळ्यांना दिसले.

या प्रदेशांचे महत्त्व कळण्यासाठी मापांकडे पाहावे. माणसाच्या एका पेशीतील डीएनए सरळ केला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. तो ४६ तुकड्यांत विभागलेला असून एवढे सारे सुमारे दहा मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात बसविलेले असते. सरासरी चार सेंटिमीटरचा एक धागा आपला शेजार फारसा न सोडता तेथे राहतो आणि विभाजनाची वेळ येताच गुंता न होता वेगळा निघतो.

प्रदेशांची मांडणीही यादृच्छिक नाही. माणसाची १८ आणि १९ क्रमांकांची गुणसूत्रे आकाराने जवळजवळ सारखी आहेत. परंतु १९ व्यावर जनुकांची दाटी आहे, १८ व्यावर ते विरळ आहेत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८ वे गुणसूत्र बहुधा केंद्रकाच्या परिघाशी आणि १९ वे आतील भागात आढळले. सर्वसाधारणपणे परिघाशी, आवरणाच्या अस्तराला टेकून असलेला भाग निष्क्रिय असतो आणि आतील भाग कार्यरत. याचा एक दाखला फार पूर्वीच मिळाला होता. १९४९ साली मरे बार आणि बर्ट्राम यांना मांजरीच्या चेतापेशींत, केवळ मादीच्या, एक गडद ठिपका दिसला. मादीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी मिटवून ठेवलेले एक गुणसूत्र म्हणजे तो ठिपका होय. अनेक प्रकारच्या पेशींत तो केंद्रकाच्या कडेशी आढळतो.

संपूर्ण गुणसूत्र असे मिटविले कसे जाते, या प्रश्नावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एच. शरत्‌चंद्र यांनी विचार केला. त्यांच्यापुढे उदाहरण होते पिठ्या ढेकणाचे. फळझाडांवर पांढऱ्या पिठासारखी पुटे चढविणाऱ्या या किडीत दहा गुणसूत्रे असतात, पाच मातेकडून आणि पाच पित्याकडून आलेली. नराच्या शरीरात पित्याकडील पाचही गुणसूत्रे घट्ट आवळली जातात आणि केंद्रकात एका पुंजक्याच्या रूपात एकत्र आढळतात. म्हणजे कोणते गुणसूत्र कोणाकडून आले याची खूण पेशीला कळते आणि त्यानुसार त्याला वागणूक मिळते. शरत्‌चंद्र आणि स्पेन्सर ब्राउन यांनी १९७५ साली सस्तन प्राण्यांच्या एक्स गुणसूत्राचा विचार या दृष्टीने मांडला. अशा ‘मुद्रांकना’ची कल्पना नंतरच्या काळात जीवशास्त्रात सर्वमान्य झाली.

५

येथवर ज्या पद्धतींचा उल्लेख झाला त्यांपैकी बहुतेकींत पेशी आधी मारावी लागते, नंतर रंगवावी लागते. मृत पेशीवरून जिवंत पेशीविषयी केलेले ते अनुमान असते. १९९८ नंतर हे चित्र पालटले. जेलीमाशातील हिरवा प्रकाश देणारे प्रथिन गुणसूत्रांतील हिस्टोन प्रथिनाला जोडून जिवंत पेशीतच गुणसूत्रे उजळविणे शक्य झाले.

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात जी. व्ही. शिवशंकर यांच्या प्रयोगशाळेने या शक्यतेचा वेगळ्या दिशेने उपयोग केला. केंद्रकातील द्रव्य कोठे आहे एवढेच न पाहता ते तेथे कोणत्या ताणांमुळे टिकून आहे, हा त्यांचा प्रश्न होता. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात सोन्याचे अतिसूक्ष्म कण आणि लेसर यांच्या साहाय्याने जिवंत पेशीच्या केंद्रकातील निवडक ठिकाणी धक्का देण्यात आला. घट्ट आवळलेल्या भागाला धक्का दिला असता केंद्रकाची प्रतिक्रिया एक, सैल भागाला दिला असता दुसरी, आवरणाला दिला असता तिसरी, असे दिसून आले. घट्ट भाग हा निष्क्रिय म्हणून अडगळीत टाकलेला नसून केंद्रकाला यांत्रिक स्थैर्य देणारा आहे, आणि केंद्रकाचा आकार हा आतील व बाहेरील बंधनांच्या परस्पर ओढीतून ठरतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात वीणा परनाईक यांनी ज्या लॅमिन प्रथिनांचा दीर्घकाळ अभ्यास केला, ती याच आवरणाच्या अस्तराची प्रथिने होत. या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे मुलांना अकाली वार्धक्य आणणारा प्रोजेरिया हा दुर्मीळ रोग होतो, हे २००३ साली उघडकीस आले.

याच शहरातील जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात कौस्तुव सन्याल यांच्या प्रयोगशाळेने यीस्टचा जुना प्रश्न नव्या स्वरूपात हाती घेतला. मद्यनिर्मितीच्या यीस्टमध्ये सर्व गुणसूत्रबिंदू केंद्रकाच्या एका टोकाशी जुडग्यासारखे एकत्र बांधलेले असतात आणि गुणसूत्रांची टोके परिघाकडे असतात. १८८५ सालची राब्ल यांची मांडणी ती हीच. माणसाला रोग उत्पन्न करणाऱ्या कँडिडा या यीस्टमध्येही बिंदू असेच एकत्र राहतात. परंतु मेंदूच्या आवरणाचा दाह घडविणाऱ्या क्रिप्टोकॉकस या यीस्टमध्ये निराळाच प्रकार आढळला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार त्यातील १४ गुणसूत्रांचे बिंदू एरवी विखुरलेले असतात आणि विभाजनाचा आरंभ होताच टप्प्याटप्प्याने एकत्र येतात. त्यानंतर केंद्रक कन्यापेशीत शिरते आणि विभाजन तेथे होते. स्थान ही एकदा ठरून गेलेली गोष्ट नसून पेशीच्या जीवनक्रमातील एक घटना आहे, हे यावरून दिसते.

याला पुष्टी देणारे काम त्याच वर्षी मुंबईतून प्रसिद्ध झाले. कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बी. जे. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी पेशींना सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषध देऊन डीएनएला इजा केली. तेव्हा १७ आणि १९ ही जनुकांनी दाटलेली गुणसूत्रे आतील भागातून परिघाकडे सरकली, तर १२ आणि १५ ही परिघावरून आत आली. औषध काढून घेतल्यावर आणि दुरुस्ती झाल्यावर ती मूळ जागी परतली. म्हणजे पेशीवर संकट आले असता गुणसूत्रे आपली जागा बदलतात, आणि संकट टळल्यावर परत फिरतात.

स्थानाचा संबंध मानवी व्याधींशीही पोहोचतो. रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जोडले जातात, हे १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखविले. ४६ गुणसूत्रांतून हीच दोन का? पुढील अभ्यासांत असे आढळले की रक्तपेशी ज्यांतून तयार होतात त्या पेशींत या गुणसूत्रांवरील संबंधित जनुके केवळ योगायोगाने जुळून येतील त्याहून अधिक वेळा एकमेकांच्या जवळ असतात. धागे तुटले तर ते शेजाऱ्याशीच जोडले जाण्याची शक्यता अधिक. केवळ शेजार हे रोगाचे कारण नव्हे. परंतु कोणते तुकडे जोडले जावेत यात शेजाराचा हात असतो.

६

आता आरंभीच्या विधानाच्या मर्यादा पाहू. पहिली मर्यादा अशी, की विभाजनाच्या वेळी माणसाच्या पेशीत केंद्रकाचे आवरण विरून जाते. तेवढा काळ गुणसूत्रे केंद्रकात नसतात. पेशीद्रव्यात उघडी, तर्कूच्या तंतूंना धरून असतात. मद्यनिर्मितीच्या यीस्टमध्ये मात्र आवरण शेवटपर्यंत टिकते. दुसरी मर्यादा जीवाणूंची. त्यांना केंद्रकच नसते. त्यांचे बहुधा वर्तुळाकार असलेले गुणसूत्र पेशीद्रव्यातच एका भागात आवरणाविना गोळा झालेले असते. तिसरी मर्यादा आपल्याच पेशीतील तंतुकणिकांची. त्यांच्यात १६,५६९ अक्षरांचा आणि ३७ जनुकांचा स्वतंत्र, वर्तुळाकार डीएनए असतो आणि तो आपल्याला मातेकडून मिळतो. चौथी मर्यादा अशी, की सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते आणि गुणसूत्रेही नसतात. गुणसूत्रे शरीराच्या प्रत्येक पेशीत असतात हे नेहमीचे वाक्य म्हणूनच अपुरे आहे.

केंद्रकाच्या आत निष्क्रिय भाग परिघाशी आणि कार्यरत भाग मध्याशी हा नियमही अपवादरहित नाही. रात्री वावरणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांतील दंडपेशींत ही मांडणी उलटी असते, असे २००९ साली आढळले. तेथे घट्ट द्रव्य मध्यभागी एकवटलेले असून ते सूक्ष्म भिंगाप्रमाणे प्रकाश पुढे नेण्यास साहाय्य करते. म्हणजे गुणसूत्रांच्या मांडणीचा उपयोग केवळ आनुवंशिक मजकूर सांभाळण्यापुरता नसून प्रत्यक्ष पाहण्याच्या क्रियेसाठीही होऊ शकतो.

या सर्व विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. गुणसूत्रावरील मजकूर त्वचेच्या पेशीत आणि चेतापेशीत सामान्यतः एकच असतो. तरीही त्या पेशी भिन्न असतात, कारण त्या मजकुराचे निराळे भाग वाचीत असतात. आणि कोणता भाग वाचला जावा हे ज्या अनेक गोष्टींवर अवलंबून असते त्यांपैकी स्थान ही एक होय. संहिता तीच असूनही तिचे वाचन भिन्न का होते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. जीवशास्त्रात त्या प्रश्नाचे उत्तर अंशतः तरी मायक्रोमीटरमध्ये मोजता येते, इतकाच फरक.

यावरून पाठ्यपुस्तकातील वाक्य कसे असावे? माझ्या मते ते असे असावे : ज्या सजीवांच्या पेशींना केंद्रक असते त्यांची गुणसूत्रे विभाजनांच्या मधल्या काळात केंद्रकात असतात, तेथे प्रत्येकाचा एक प्रदेश असतो, आणि तो प्रदेश पेशीच्या प्रकारानुसार व अवस्थेनुसार बदलू शकतो. वाक्य लांबते हे खरे. परंतु विद्यार्थ्याने पुढे कोणता प्रश्न विचारावा हे त्यातून त्याला कळते, आणि बंगळूरमध्ये १९४५ च्या सुमारास यीस्टच्या एका पेशीपुढे बसलेल्या संशोधकांना जो प्रश्न पडला होता, तोच आपल्यापुढेही आहे हेही त्याच्या लक्षात येते.